हातात शेवटची एकच प्लेट उरली होती, आणि त्याच प्लेटने ॲन्सेल ॲडम्सला फोटोग्राफर बनवलं

१० एप्रिल १९२७. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली योसेमिटी दरी. डोंगरावरचा बर्फ अजून पुरता वितळलेला नव्हता. पंचवीस वर्षांचा एक तरुण पाठीवर लाकडी कॅमेरा, ट्रायपॉड आणि काचेच्या १२ प्लेट्स घेऊन कडा चढत होता. सोबत त्याची होणारी बायको व्हर्जिनिया आणि काही मित्र होते.

त्याला गाठायचा होता हाफ डोम नावाच्या प्रचंड ग्रॅनाइटच्या कड्यासमोरचा एक सुळका. तिथे पोहोचला तेव्हा १२ पैकी १० प्लेट्स संपल्या होत्या. काही वापरल्या गेल्या, काही वाया गेल्या. उरल्या फक्त दोन.

कड्यावर ऊन यायला दुपार उजाडली. त्याने पहिली प्लेट लावली, लेन्सवर पिवळा फिल्टर चढवला आणि फोटो घेतला. शटर बंद झालं आणि त्याच्या लक्षात आलं की हा फोटो चांगला येईल, पण समोर उभं राहून जे वाटतंय ते त्यात येणार नाही. आकाश फिकट दिसेल आणि कडा नुसता कडाच राहील.

मग त्याने शेवटची प्लेट लावली. पिवळा फिल्टर काढून गडद लाल फिल्टर चढवला आणि पाच सेकंदांचं एक्स्पोजर दिलं.

या वेळी आकाश जवळजवळ काळं आलं आणि त्यातून उभा कडा अंगावर आल्यासारखा दिसायला लागला. 'मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम' या नावाने तो फोटो जगभर ओळखला जातो. फोटो काढणाऱ्याचं नाव ॲन्सेल ॲडम्स.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? फिल्टर तर बदलला.

पण खरी गोष्ट फिल्टरची नाहीच. त्या दिवशी ॲन्सेलच्या बॅगेत दुसऱ्या जातीच्या प्लेट्स असत्या, तर लाल फिल्टर लावून त्याच्या हाती काहीच लागलं नसतं. म्हणजे तो फोटो डोंगरावर पोहोचायच्या आधीच, प्लेट्स निवडताना, अर्धा ठरला होता.

ॲन्सेल ॲडम्सचं आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरतं. कोणत्या फिल्मवर फोटो घ्यायचा, तिला किती उजेड दाखवायचा आणि नंतर ती कशी धुवायची, हे त्याने नशिबावर सोडलं नाही.

पियानो वाजवणारा पोरगा

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. तो चार वर्षांचा असताना, १९०६ मध्ये शहरात मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या एका धक्क्यात तो बागेतल्या भिंतीवर आपटला आणि त्याचं नाक मोडलं. ते वाकडं नाक आयुष्यभर तसंच राहिलं.

शाळेत त्याचं मन कधीच रमलं नाही. शेवटी वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. बाराव्या वर्षी त्याला पियानोचं वेड लागलं. आपण मोठे पियानोवादक होणार हे त्याने जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

१९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, घरचे त्याला योसेमिटीला घेऊन गेले आणि हातात एक साधा कोडॅक बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. तिथून पुढे तो दरवर्षी योसेमिटीला जात राहिला. निसर्ग वाचवण्यासाठी काम करणाऱ्या सिएरा क्लबचा तो सदस्य झाला आणि काही उन्हाळे त्याने क्लबच्या तिथल्या वास्तूची देखरेखही केली.

दरीत एक चित्रकार राहायचा, हॅरी बेस्ट. त्याच्याकडे पियानो होता. ॲन्सेल रियाजासाठी तिथे जायला लागला आणि हॅरीची मुलगी व्हर्जिनिया हिच्याशी ओळख झाली. १९२८ मध्ये दोघांचं लग्न झालं.

पियानो की कॅमेरा हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. तो सुटला १९३० मध्ये, न्यू मेक्सिकोतल्या टाओस गावी. तिथे त्याला पॉल स्ट्रँड हा मोठा फोटोग्राफर भेटला. स्ट्रँडकडे त्या वेळी दाखवायला प्रिंट्स नव्हत्या, म्हणून त्याने आपल्या निगेटिव्ह दाखवल्या. त्या बघून ॲन्सेलने पियानो सोडून फोटोग्राफी करायचं पक्कं केलं.

तयार फोटो न बघता, नुसत्या निगेटिव्ह बघून त्याने आयुष्याचा रस्ता बदलला. चांगल्या फोटोतलं किती काही निगेटिव्हमध्येच असतं, हे त्याला तेव्हाच दिसलं असावं.

शीट फिल्म म्हणजे नेमकं काय?

जुन्या कॅमेऱ्याचा रोल तुम्ही पाहिला असेल. एका रोलवर ३६ फोटो निघायचे. लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात असा रोल नसतो. एका फोटोसाठी फिल्मचा एक सुटा तुकडा लागतो. हीच शीट फिल्म. मापं साधारणपणे ४ बाय ५ इंच किंवा ८ बाय १० इंच.

हे तुकडे संपूर्ण अंधारात, हाताने चाचपत, एका चपट्या होल्डरमध्ये भरायचे. होल्डरच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक अशा दोन फिल्म बसतात. अंधारात फिल्म ओळखता यावी म्हणून तिच्या कडेला खाचा असतात. बोट फिरवलं की फिल्म कोणत्या जातीची आहे आणि तिची मसाल्याची बाजू कोणती, हे कळतं.

एवढा उपद्व्याप कशासाठी? तर आकारासाठी. ३५ मिलिमीटरच्या साध्या रोलवरच्या एका फोटोपेक्षा ४ बाय ५ इंचाच्या शीटचं क्षेत्रफळ जवळपास १५ पट असतं. ८ बाय १० च्या शीटचं तर ६० पटींच्या आसपास. त्यामुळे झाडाचं पान न् पान, दगडाची भेग न् भेग त्यात उतरते.

१९२७ मध्ये ॲन्सेल काचेच्या प्लेट्स वापरत होता. पुढे काचेची जागा हलक्या, न फुटणाऱ्या शीट फिल्मने घेतली. माध्यम बदललं, पण निवडीचे प्रश्न तेच राहिले.

पहिला प्रश्न : फिल्मला कोणते रंग दिसतात?

ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला रंगांशी काय देणंघेणं, असं वाटू शकतं. पण समोरचं जग रंगीतच असतं आणि फिल्म त्यातला कोणता रंग किती पकडते यावर फोटो ठरतो.

ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या फिल्मला निळा आणि हिरवा रंग दिसतो, लाल दिसत नाही. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक येतं आणि लाल गोष्टी काळ्या येतात. अशा फिल्मवर लाल फिल्टर लावला तर काय होईल? फिल्टर फक्त लाल प्रकाश आत सोडणार आणि फिल्मला तर लाल दिसतच नाही. निगेटिव्ह कोरीच राहणार.

पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात. ॲन्सेलच्या बॅगेत याच जातीच्या प्लेट्स होत्या. लाल फिल्टरने आकाशाचा निळा प्रकाश अडवला, म्हणून आकाश काळं पडलं. उन्हातल्या ग्रॅनाइटकडून येणारा प्रकाश मात्र बराचसा आत आला, म्हणून दगड उजळ राहिला.

सिनेमात डार्करूममध्ये लाल दिवा लागलेला दिसतो ना, त्याचंही कारण हेच. फोटोच्या कागदाला लाल रंग दिसत नाही, म्हणून त्या उजेडात काम करता येतं. पॅनक्रोमॅटिक फिल्मला मात्र तो लाल दिवाही चालत नाही. ती हाताळायची तर काळोखच लागतो.

दुसरा प्रश्न : फिल्म किती वेगवान?

१९३२ मध्ये ॲन्सेल, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि आणखी काही जणांनी मिळून एक गट काढला. नाव ठेवलं 'ग्रुप एफ/६४'. त्या काळी फोटो मुद्दाम धूसर करून चित्रासारखा दाखवायची फॅशन होती. यांचं म्हणणं उलटं होतं. फोटो फोटोसारखाच दिसू द्या, लख्ख आणि रेखीव.

एफ/६४ म्हणजे लेन्सचं अगदी बारीक छिद्र. छिद्र बारीक केलं की पायाजवळच्या गवतापासून दूरच्या शिखरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण आत येणारा प्रकाशही कमी होतो. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं.

इथे फिल्मचा वेग महत्त्वाचा ठरतो. हल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्यात आयएसओ दिसतो, तोच हा आकडा. कमी आकड्याची फिल्म संथ असते, तिचे कण बारीक असतात. जास्त आकड्याची फिल्म पटकन प्रकाश पकडते, पण तिचे कण जाडे असतात. शीट फिल्मचा आकारच इतका मोठा की कण सहसा नजरेत येत नाहीत. म्हणून मोठ्या कॅमेऱ्यावर वेगवान फिल्म वापरणं छोट्या कॅमेऱ्याइतकं महागात पडत नाही. वाऱ्याने पान हललं तर फोटो वाया जातो, तिथे थोडी वेगवान फिल्म वाचवते.

यात एक ग्यानबाची मेख आहे. एक्स्पोजर काही सेकंदांच्या पुढे गेलं की फिल्म आळसावते. हिशोबाने चार सेकंद पुरायला हवेत, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त द्यावे लागतात. किती जास्त, हे प्रत्येक फिल्मचं वेगळं. म्हणून फिल्म घेताना कंपनीने दिलेला तक्ता बघायचाच.

तिसरा प्रश्न : फिल्म धुताना किती ऐकते?

१९४० च्या सुमारास ॲन्सेल लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवत होता. तिथे फ्रेड आर्चर या सहकाऱ्यासोबत त्याने एक पद्धत बसवली. तिचं नाव झोन सिस्टिम.

कल्पना सोपी आहे. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत पायऱ्या पाडायच्या, शून्य ते दहा. मधली पाचवी पायरी म्हणजे मध्यम राखाडी. समोरचं दृश्य बघायचं आणि आधीच ठरवायचं की ही सावली तिसऱ्या पायरीवर हवी, तो ढग आठव्या पायरीवर हवा. सावलीच्या हिशोबाने एक्स्पोजर द्यायचं आणि उजळ भाग कुठे थांबवायचा ते फिल्म धुताना ठरवायचं. जास्त वेळ धुतली तर उजळ भाग आणखी उजळतो, कमी वेळ धुतली तर आटोक्यात राहतो.

हे रोलवर करणं अवघड. ३६ फोटो एकाच वेळी एकाच डब्यात धुतले जातात. त्यातला एक भर उन्हातला, दुसरा ढगाळ दिवसाचा, तरी सगळ्यांना वागणूक एकच. शीट फिल्म मात्र एकेक करून, ज्या त्या दृश्याच्या गरजेप्रमाणे धुता येते. झोन सिस्टिम शीट फिल्मवर इतकी फिट बसली ती यामुळे.

पियानोच्या पोराला हे जमणारच होतं. निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, असं तो समजावून सांगायचा.

हर्नांडेझचा चंद्र

या सगळ्या अभ्यासाची परीक्षा १९४१ मध्ये झाली.

अमेरिकेच्या गृह खात्याने ॲन्सेलला एक काम दिलं होतं. राष्ट्रीय उद्यानांचे फोटो काढायचे, ते सरकारी इमारतीत भिंतीएवढे मोठे करून लावायचे. मेहनताना दिवसाला २२.२२ डॉलर. या दौऱ्यात तो न्यू मेक्सिकोत होता. सोबत आठ वर्षांचा मुलगा मायकल आणि मित्र सेड्रिक राइट.

दिवस वाया गेला होता. मनासारखं काही मिळालं नव्हतं. गाडी सांता फेकडे निघाली आणि वाटेत हर्नांडेझ नावाचं लहानसं गाव लागलं. मागे सूर्य मावळत होता, पुढे चंद्र वर आला होता आणि गावातल्या दफनभूमीतले पांढरे क्रूस शेवटच्या उन्हात चमकत होते.

ॲन्सेलने गाडी थांबवली आणि एकच धांदल उडाली. ८ बाय १० चा अवजड कॅमेरा उभा झाला, पण प्रकाश मोजायचं मीटर सापडेना. ऊन तर कोणत्याही क्षणी जाणार होतं.

तेव्हा त्याला एक आकडा आठवला. चंद्राची उजळता एका चौरस फुटाला २५० कँडल. त्याने चंद्राला सातव्या पायरीवर बसवलं, फिल्मचा वेग ६४ धरला, फिल्टरमुळे घटणारा प्रकाश जमेस धरला आणि मनातल्या मनात गणित मांडलं. एफ/३२ वर एक सेकंद.

फोटो झाला. दुसरा घ्यावा म्हणून त्याने होल्डर उलटा केला, तेवढ्यात क्रुसांवरचं ऊन गेलं. हाती एकच शीट होती.

ती धुताना त्याने फार जपलं. फिल्म थोडा वेळ रसायनात, मग साध्या पाण्यात, पुन्हा रसायनात, असं आलटून पालटून केलं. त्यामुळे चंद्र नुसता पांढरा ठिपका झाला नाही आणि गावाचा भागही हरवला नाही. तरीही गावाचा भाग फिकाच होता. म्हणून १९४८ मध्ये त्याने त्याच निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची आणखी एक प्रक्रिया केली. चूक झाली असती तर दुसरी प्रत नव्हतीच.

'मूनराइज, हर्नांडेझ' या फोटोच्या १,३०० हून जास्त प्रिंट्स त्याने काढल्या असं मानतात. आधीच्या प्रिंट्समध्ये आकाश राखाडी आहे, नंतरच्यांत ते काळंभोर होत गेलं. यातलीच एक प्रिंट २००६ च्या लिलावात ६ लाख डॉलरच्या वर गेली.

एक गंमत म्हणजे ॲन्सेलला या फोटोची तारीख कधीच नीट आठवायची नाही. शेवटी खगोलशास्त्राच्या जाणकारांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून हिशोब काढला. १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळचे ४ वाजून ४९ मिनिटं.

निगेटिव्ह जळाल्या तेव्हा

निवड कितीही चोख असली तरी फिल्म ही जळणारी, ओरखडणारी वस्तू. १९३७ च्या उन्हाळ्यात ॲन्सेल एडवर्ड वेस्टनसोबत डोंगरातून फिरून योसेमिटीला परतला, तर डार्करूमला आग लागलेली. सगळ्यांनी धावपळ करून जमतील तितक्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. तरीही हजारो गेल्या. 'मोनोलिथ'ची प्लेट वाचली, पण तिची कड होरपळली.

त्याच्या फोटोंचं मोल फक्त कलेपुरतं नव्हतं. किंग्ज कॅनियनचा डोंगराळ भाग राष्ट्रीय उद्यान व्हावा म्हणून सिएरा क्लब झगडत होता. ॲन्सेल स्वतः फोटो घेऊन वॉशिंग्टनला गेला. त्याचं सिएरा नेवाडाच्या फोटोंचं १९३८ चं पुस्तक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचलं. १९४० मध्ये किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान झालं. ज्यांनी तो डोंगर कधी पाहिला नव्हता, त्यांना तो या फोटोंतून दिसला होता.

म्हातारपणीही नवी फिल्म

एवढं नाव झाल्यावर माणूस जुन्या सवयींना चिकटतो. ॲन्सेल तसा नव्हता. १९४९ पासून तो पोलरॉइड कंपनीचा सल्लागार होता. नवी फिल्म आली की वापरून बघायची आणि तिच्यात काय चांगलं, काय वाईट ते कंपनीला कळवायचं, हे त्याचं काम.

पोलरॉइडने १९६१ मध्ये टाइप ५५ नावाची ४ बाय ५ ची फिल्म आणली. तिच्यातून झटपट प्रिंटही मिळायची आणि जपून ठेवता येईल अशी निगेटिव्हही. १९६८ मध्ये 'एल कॅपिटान, विंटर, सनराइज' हा गाजलेला फोटो ॲन्सेलने याच फिल्मवर घेतला. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता.

पुढे ती फिल्मच बंद झाली. २००८ मध्ये पोलरॉइडने झटपट फिल्म बनवणं थांबवलं. फिल्म निवडताना हाही धोका असतो, आज हाताला बसलेली फिल्म उद्या बाजारात असेलच असं नाही.

२२ एप्रिल १९८४ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी ॲन्सेल गेला. योसेमिटीच्या परिसरातल्या एका शिखराला आता त्याचं नाव आहे. त्याच्या निगेटिव्ह ॲरिझोना विद्यापीठातल्या, त्याच्याच पुढाकाराने सुरू झालेल्या संग्रहालयात आहेत.

आज कोणी शीट फिल्म घ्यायची म्हटली तर?

फिल्म अजून मिळते. इलफर्डची एफपी४ प्लस ही १२५ वेगाची, एचपी५ प्लस ही ४०० ची. कोडॅकची ट्राय-एक्स शीटमध्ये ३२० ची. लाल न दिसणारी जुन्या धाटणीची फिल्म हवी असेल तर इलफर्डची ऑर्थो प्लस आहे, दिवसाच्या उजेडात ८० ची.

ॲन्सेलच्या हिशोबाने निवड करायची तर आधी विषय बघायचा. आकाश गडद हवं, लाल किंवा नारिंगी फिल्टर लावायचा आहे, तर पॅनक्रोमॅटिकच घ्यायची. ट्रायपॉडवर स्थिर दगड किंवा इमारत असेल तर संथ फिल्म चालते. झाडं, वारा, माणसं असतील तर ४०० च्या आसपासची बरी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डब्यावरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. तुमचा कॅमेरा, तुमचं मीटर, तुमची धुण्याची पद्धत यात त्या फिल्मचा खरा वेग किती निघतो, हे स्वतः चाचणी करून बघा, असं तो 'द निगेटिव्ह' या पुस्तकात शिकवतो.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने पाच कंपन्यांची पाच पाकिटं घेऊ नयेत. एकच फिल्म घ्यावी आणि ती पूर्ण ओळखीची होईपर्यंत तीच वापरावी. हर्नांडेझला मीटर सापडलं नाही तरी काम भागलं, कारण आपल्या हातातली फिल्म किती उजेडाला काय करेल हे ॲन्सेलला पाठ होतं.